नातीचा संगणक व खेळांतील संगत

आमच्या वयाच्या गृहस्थांमध्यें संगणकावरील खेळांविषयीं दोनच मतें प्रचलित आहेत. एक, कीं हा निव्वळ पोरकटपणा आहे. दुसरें, कीं हा जुगार आहे. दोन्ही मतें सकाळच्या फेरफटक्यांत, पर्वतीच्या पायथ्याशीं विसांवा घेतांना, मोठ्या ठामपणें मांडलीं जातात. आणि मांडणारांपैकीं एकानेंही असा खेळ अर्धा तास जवळ बसून पाहिलेला नसतो. आम्हीं पाहिला आहे. सन २०२५ चा सबंध चातुर्मास आमच्या नातीच्या खुर्चीशेजारीं स्टूल टाकून आम्हीं तो पाहिला, व तिच्या संगणकाच्या डागडुजींतही हात घातला. हा प्रश्न आज ना उद्यां घरोघरीं यावयाचाच. तेव्हां आमचा अनुभव वाचकांपुढें ठेवण्यास हरकत नसावी.

जुगाराचा मुद्दा आधीं निकालांत काढूं. पैसा लावून खेळणें आणि खेळासाठीं खेळणें यांत आपल्या पूर्वजांनीं घोटाळा होऊं दिला नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त हें फांशांपायीं घरादारास मुकलेल्या माणसाचें आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत निर्जीव साधनांनीं खेळतात तें द्यूत व प्राणी झुंजवून खेळतात तो समाह्वय असा भेद करून राजानें दोहोंसही राज्यांत थारा देऊं नये असें सांगितलें आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं जो कायदा केला त्यांतही हीच रेघ मारलेली दिसते: पैसे लावून खेळावयाच्या खेळांस मनाई, आणि ई-स्पोर्ट्स या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कौशल्याच्या चढाओढींस उत्तेजन. आमची नात जो खेळ खेळते तो या दुसऱ्या वर्गांतला आहे. पात्रांसाठीं रंगीबेरंगी सजावट विकत घेण्याचा मोह आवरला तर त्यांत पैसा जात नाहीं. जातो तो वेळ. आणि मनाची शांति किती जाते तें पुढें येईलच.

आतां पोरकटपणाचें. या खेळांचा मूळ पुरुष पाहूं गेल्यास तो चित्रांचा नव्हता, नुसत्या अक्षरांचा होता. सन १९७८ मध्यें इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें, व पुढें त्याच्या जोडीस आलेल्या रिचर्ड बार्टल यानें, ‘मड’ नांवाचा खेळ रचला. अनेक माणसांनीं आपापल्या यंत्रापाशीं बसून एकाच कल्पित जगांत शिरावयाचें, असा तो प्रकार होता. खेळापेक्षां खेळणारांकडे लक्ष देण्याची दृष्टि बार्टलला होती. १९९६ सालीं त्यानें एक निबंध लिहून खेळाडूंच्या चार जाती सांगितल्या, व त्यांस पत्त्यांच्या चार रंगांची नांवें दिलीं. गुण व संपत्ति सांठविणारे ते चौकट. जगाचा कानाकोपरा उकरून पाहणारे ते इस्पिक, कारण इंग्रजींत इस्पिक म्हणजे कुदळ. माणसांशीं बोलण्यासाठींच येणारे ते बदाम. आणि दुसऱ्यास त्रास देण्यांतच ज्यांस आनंद वाटतो ते किलवर, कारण इंग्रजींत किलवरच्या नांवाचा दुसरा अर्थ सोटा असा होतो. आम्हीं तेहतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतेंच. परंतु हा निबंध नातीकडून समजावून घेतला तेव्हां आमचे कित्येक वर्ग बांकांसकट डोळ्यांपुढें उभे राहिले. बार्टलची पुढची गोष्ट त्याहून मार्मिक आहे. सोटेवाल्यांची संख्या वाढली कीं बाकीचे हळूहळू निघून जातात, आणि बदामवाल्यांस त्याची झळ सर्वांत अधिक लागते. वर्गांत मधल्या सुटींत आम्हीं हेंच पाहिलें आहे. फरक इतकाच कीं तेथें घंटा वाजते व मास्तर येतात.

आमच्या नातीचा खेळ पांच विरुद्ध पांच असा नेमबाजीचा आहे. १९९९ सालीं निघालेल्या काउंटर-स्ट्राइकच्या घराण्यांतला म्हटला म्हणजे जाणत्यांस कळेल. तिच्या खेळाचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पहिल्या दिवशीं बंदुका पाहून आम्हीं नाक मुरडलें. आठव्या दिवशीं ध्यानांत आलें कीं बंदूक हा त्या खेळाचा लहानसा भाग आहे. प्रत्येक फेरीच्या आरंभीं तुकडीच्या गांठीं असलेल्या खेळांतल्या नाण्यांचा हिशेब करून कोणीं काय घ्यावें हें ठरतें. ज्याच्यापाशीं अधिक आहे तो कफल्लक झालेल्या सोबत्यास हत्यार घेऊन देतो. सर्वच दरिद्री असतील तर एक फेरी मुद्दाम काटकसरीनें खेळून पुढच्या फेरीसाठीं पुंजी राखतात. आणि या सर्वांवर बोलण्याचें राज्य असतें. डावीकडून दोघे आले, पायऱ्यांशीं पावलें वाजलीं, मी पडलों पण त्याला जखम झाली आहे, हें ज्या तुकडींत क्षणांत सांगितलें जातें ती तुकडी जिंकते. त्यासाठीं कानांस श्रवणयंत्र व तोंडापुढें माइक लावलेला असतो.

आमची नात माइक लावीत नसे.

ती तेव्हां अकरावींत होती. श्रावणाच्या आरंभीं तिनें आपल्या वडिलांपाशीं नवें ग्राफिक्स कार्ड मागितलें. किंमत बत्तीस हजार रुपये. आमच्या चिरंजीवांनीं साफ नकार दिला. दहावीच्या निकालावर नातेवाइकांनीं दिलेले पैसे तिनें जमवून ठेवले होते. ते सर्व द्यावयास ती तयार झाली, तेव्हां घरांत चर्चा सुरू झाली. आम्हीं तिला बाजूस घेऊन विचारलें, “कार्ड कशाला पाहिजे? चित्र चांगलें दिसत नाहीं काय?”

“चित्राचें नाहीं, आजोबा. माझ्यामुळें सगळे हरतात. मी उशिरा पोंचतें, मध्येंच माझा माणूस जागच्या जागीं थांबतो. मग बोलणीं खावीं लागतात. मशीन चांगलें असलें तर कोणी बोलणार नाहीं.”

हें शेवटचें वाक्य आम्हांस खटकलें. त्याच संध्याकाळीं आम्हीं दुसरें श्रवणयंत्र लावून तिच्या शेजारीं बसलों. तास-दीड तासांत जें ऐकलें तें या मासिकांत छापण्याजोगें नाहीं. अनोळखी चार तरुण. त्यांतले दोघे तरी आवाजावरून मिसरूडही न फुटलेले. ती बोलत नाहीं म्हणून एक शिव्या देत होता. दुसऱ्यानें तिनें घेतलेल्या नांवावरून ती मुलगी असावी असा तर्क केला, आणि पुढची भाषा बदलली. “माइक लावला कीं कळतें,” ती शांतपणें म्हणाली, “आणि नाहीं लावला तर बिनकामाची म्हणतात.” या शांतपणाचेंच आम्हांस वाईट वाटलें. सतरा वर्षांच्या मुलीस हा पेंच इतका संवयीचा झालेला असावा!

हा अनुभव तिच्या एकटीचा नव्हे हें पुढें वाचनांत आलें. कुझनेकॉफ व रोझ या दोन अमेरिकन संशोधकांनीं हेलो ३ या खेळांत आधीं ध्वनिमुद्रित करून ठेवलेलीं तींच वाक्यें एकदां पुरुषाच्या व एकदां स्त्रीच्या आवाजांत वाजवून पाहिलीं. त्यांचा निबंध २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. स्त्रीच्या आवाजास मिळालेलीं कुत्सित उत्तरें पुरुषाच्या आवाजास मिळालेल्यांच्या तिप्पट भरलीं. त्याच सामग्रीवरून २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधांत कासुमोविच व कुझनेकॉफ यांनीं असें दाखविलें कीं स्त्रीच्या आवाजावर तुटून पडणारे पुरुष हे बहुधा खेळांत मागें पडणारे असतात. जे चांगले खेळतात त्यांचें वागणें पुष्कळ बरें असतें. शिक्षकाचा धंदा केलेल्या कोणासही याचें नवल वाटूं नये. गणितांत पहिला येणारा मुलगा दुसऱ्याच्या चुकीस क्वचितच हंसतो. हंसतो तो शेवटून तिसरा.

तर मग नातीच्या म्हणण्यांतले दोन धागे वेगळे करणें प्राप्त झालें. यंत्र अडतें हें खरें कीं नाहीं, तो एक. आणि यंत्र सुधारल्यानें बोलणीं थांबतील कीं नाहीं, तो दुसरा. पहिल्याचें उत्तर परीक्षेनें मिळतें. तर्कसंग्रह शिकलेल्या माणसास त्यासाठीं नवें शास्त्र नको. एक गोष्ट असतां दुसरी असणें हा अन्वय, व ती नसतां दुसरी नसणें हा व्यतिरेक. कारण ठरवावयाचें तर दोन्ही पाहावे, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. बाजारांत मात्र उलट चालतें. मुलगा म्हणतो खेळ अडखळतो, दुकानदार म्हणतो कार्ड बदला, बाप पैसे मोजतो, आणि खेळ अडखळतोच.

तिचा संगणक २०२० सालच्या टाळेबंदींत घेतलेला. रायझन ५ ३६०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, बी४५० जातीचा बोर्ड, जीटीएक्स १६५० हें चार जीबीचें कार्ड, आठ जीबी मेमरीची एकच पट्टी, आणि एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. इंटरनेट दिवाणखान्यांतून दोन भिंती ओलांडून वाय-फायनें येई. मॉनिटर साध्या ६० हर्ट्झचा.

आधीं कार्डाचीच परीक्षा घेतली. खेळाच्या योजनेंत चित्राची सूक्ष्मता कमी करण्याची सोय असते. ती कमी केली तर कार्डाचें ओझें उतरतें; कार्डच अडत असेल तर सेकंदाला निघणाऱ्या चित्रांची संख्या लगेच वाढावी. नातीनें सर्व कांहीं अगदीं तळाला नेलें. संख्या जवळजवळ होती तेवढीच राहिली, आणि अडखळणेंही होतें तसेंच राहिलें. म्हणजे कारण कार्डांत नव्हतें. यांत आश्चर्यही नव्हतें: याच घाटाचा व्हॅलोरंट हा खेळ २०२० सालीं निघाला तेव्हां त्याच्या कर्त्यांनीं सेकंदाला १४४ चित्रांसाठीं जें कार्ड पुरेसें म्हणून जाहीर केलें होतें तें २०१६ चें जीटीएक्स १०५० टीआय होतें, आणि तिचें कार्ड त्याहून नवें व सरस आहे. शिवाय मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांस एक चित्र दाखविणारा. कार्डानें दोनशें चित्रें काढलीं तरी डोळ्यांपुढें साठच येणार. बत्तीस हजारांचें कार्ड घेऊन त्यास हा मॉनिटर जोडणें म्हणजे विहिरीवर मोठें इंजिन बसवून पाणी शहाळ्याच्या नळीनें ओढणें होय.

मग मेमरी. खेळ चालू असतां दुसऱ्या खिडकींत टास्क मॅनेजर उघडून ठेवला. खेळ, ब्राउझर आणि मित्रमंडळाशीं बोलण्याचा कार्यक्रम मिळून आठ जीबींतले नव्वद टक्क्यांहून अधिक भरत. मग संगणक उरलेलें सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवी, व तें परत आणावयास वेळ लागे. माणूस जागच्या जागीं थांबतो तो येथें. ब्राउझर बंद केल्याबरोबर थांबणें पुष्कळ कमी झालें; उघडल्याबरोबर परत आलें. अन्वय व व्यतिरेक दोन्ही जुळले. उशिरा पोंचण्याचें कारणही त्या फिरत्या डिस्कमध्येंच होतें. खेळाचा नकाशा तिच्यावरून उचलून घ्यावयास इतका वेळ जाई कीं बाकीचे नऊ जण उभे राहून वाट पाहत, आणि तेवढ्यांत शिव्यांचा पहिला हप्ता होऊन जाई.

तिसरी परीक्षा तारेची. शेजाऱ्यांकडून पंधरा मीटरची लॅन केबल मागून आणली व दारांतून, चपलांच्या मांडणीखालून, नातीच्या टेबलापर्यंत नेली. वाय-फायवर संदेशाच्या जाण्या-येण्याचा काळ तीस मिलिसेकंदांवरून दोनशेंवर उडी मारी व परत येई. तारेवर तो पंधराच्या आसपास स्थिर झाला. येथें थोडें गणित करण्याचा मोह आवरत नाहीं. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. पुण्याहून मुंबईच्या यंत्रापर्यंत दीडशें किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. बाकीचा काळ वाटेंतल्या चौक्यांचा. आमचा एक भाचा न्यू जर्सींत आहे. त्याच्या मुलीस आमच्या नातीबरोबर खेळावयाचें होतें. मुंबईपासून तें अंतर सरळ रेषेनें सुमारें साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन सव्वाशें मिलिसेकंद हें प्रकाशाचेंच देणें, आणि समुद्राखालच्या तारा कांहीं सरळ रेषेनें जात नाहींत. पृथ्वीवरील कोणतेंही कार्ड हें देणें फेडूं शकत नाहीं. त्या दोघी आतां रविवारीं सकाळीं बुद्धिबळ खेळतात, त्यांत विलंबाचें कोणास कांहीं वाटत नाहीं.

खरेदीसाठीं आम्ही दोघें बुधवार पेठेंत पासोड्या विठोबाच्या बाजूस गेलों. दुकानदारानें आधीं नवा संगणकच घ्या म्हणून सुचविलें, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपावयाचा होता. “काका, जुन्यावर अकरा चालणार नाहीं.” नातीनें प्रोसेसरचें नांव सांगितल्यावर त्यानें स्वतःच यादी पाहिली व गप्प बसला, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम त्या प्रोसेसरमध्यें होतीच, बोर्डाच्या बायोसमध्यें ती सुरू करावयाची होती इतकेंच. आम्हीं घेतलें तें असें: पहिलीच्या जोडीस जुळेल अशी आठ जीबीची दुसरी पट्टी, म्हणजे मेमरी सोळा होऊन दोन वाटांनीं चालते, एक पांचशें जीबीची एसएसडी, आणि स्वतःची केबल, कारण शेजाऱ्यांची परत करावयाची होती. सर्व मिळून साडेसहा हजारांच्या आंत. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले त्याच्या आधींचा हा हिशेब आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कृत्रिम बुद्धीच्या कोठारांनीं जगभरची मेमरी ओढून घेतल्यावर त्याच पट्टीस पुष्कळ अधिक मोजावे लागूं लागले.

घरीं आल्यावर झांकण उघडलें तों आंत पांच वर्षांची धूळ. पंख्याच्या पात्यांवर कापसासारखे थर बसले होते. प्रोसेसर तापला कीं तो स्वतःचा वेग आपणच उतरवितो. ३६०० ची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे, व खेळतांना आंकडा तिच्या जवळ जाऊन टेकत होता. मऊ कुंचल्यानें धूळ झाडली, जुनें वाळलेलें उष्णतावाहक लुकण पुसून नवें लावलें. या कामास दोनशें रुपयेही लागले नाहींत. आमच्या मतें ज्या घरांत असा संगणक आहे तेथें दसऱ्याच्या आधीं शस्त्रपूजनाइतक्याच अगत्यानें हें झाडणें व्हावें.

पुढेंमागें सुधारणा करावयाची झाली तर तिचा क्रमही आम्हीं नातीकडून लिहवून घेतला आहे. आधीं १४४ हर्ट्झचा मॉनिटर, त्यांत चित्र दर ६.९ मिलिसेकंदांस बदलतें व फरक आमच्यासारख्या मोतीबिंदूवाल्यासही दिसतो. दुकानांत तो आम्हीं पाहिला. प्रोसेसर पुरेनासा झाला तर बोर्ड न बदलतां बायोस नवें करून २०२२ सालचा रायझन ५ ५६०० त्याच जागीं बसतो. कार्ड शेवटीं, आणि तें घ्यावयाचें तर आधीं विजेचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, किती वॅटचा व किती जुना आहे तें पाहून. मुलें कार्डावर तीस हजार खर्चितात आणि त्यास वीज पुरविणारा डबा सर्वांत स्वस्त घेतात. हा अविचार आम्हांस समजत नाहीं. तो डबा जळाला तर एकटा जळेलच असें नाहीं.

तर यंत्र नीट झालें. खेळ अडखळेना, नात वेळेवर पोंचूं लागली. आणि तिसऱ्याच रात्रीं ती डोळे पुसत बाहेर आली. उशीर नव्हता, थांबणें नव्हतें, तिच्या नांवावर सर्वांत अधिक गुण होते. तरी कोणीतरी जें बोलावयाचें तें बोललाच. हरत होता म्हणून बोलला.

चिरंजीवांनीं त्याच रात्रीं खेळ बंद करण्याचा निकाल दिला. बापाच्या दृष्टीनें त्यांत चूक काढतां येणार नाहीं. आपल्या मुलीस कोणी असें बोलत असतां दार उघडें कोण ठेवील? सूनबाईही त्यांच्याच बाजूस होत्या. त्यावर आमचें कुटुंब, जें या विषयांत आजवर एक शब्द बोललें नव्हतें, स्वयंपाकघरांतून म्हणालें, “कॉलेजच्या वाटेवर टारगट पोरें उभीं असतात, म्हणून तिचें कॉलेज बंद केलेंत का? तिच्या बरोबर मैत्रिणी जातील असें पाहिलेंत. येथेंही तेंच पाहा.” पंचतंत्राचें पहिलें तंत्र मित्रभेद व दुसरें मित्रसंप्राप्ति आहे, हें आम्हीं तीन दशकें वर्गांत सांगितलें, पण कावळा, उंदीर, कांसव व हरिण यांची ती चौकडी आमच्या घरांत या प्रसंगीं उपयोगास येईल असें सुचलें तें मात्र तिला.

खेळांच्या कर्त्यांसही ही गोष्ट ठाऊक आहे. लीग ऑफ लेजेंड्स या खेळांत २०११ पासून कांहीं वर्षें खेळाडूंच्याच पंचांपुढें वाईट वागणुकीचीं प्रकरणें चालत; आपल्या जुन्या गोतसभेसारखा तो प्रकार होता. त्याच खेळांत त्यांनीं आणखी एक साधा प्रयोग केला. दोन विरुद्ध तुकड्यांमधील बोलणें आरंभीं बंद ठेवलें. ज्यास हवें त्यानें आपण होऊन सुरू करावें. बोलणाऱ्यांचें प्रमाण फारसें घटलें नाहीं, पण आठवड्याभरांत अभद्र बोलणें सुमारें एकतृतीयांशानें कमी झालें. दाराला नुसती कडी असली तरी पुष्कळ काम होतें.

नातीनें महिनाभरांत चौघांस जमविलें. दोघी तिच्या कॉलेजांतल्या, एक मुलगा तिच्या वर्गांतला, व एक त्याचा नाशिकचा मावसभाऊ. आमच्या दिवाणखान्यांत पोहे खातांना त्यांनीं आपले नियम लिहिले. फेरी चालू असतां कोणाची चूक काढावयाची नाहीं. जो आधीं पडेल त्यानें गप्प बसावें व विचारल्यासच दिसेल तें सांगावें. जास्त नाणीं असतील त्यानें न मागतां द्यावें. बाहेरचा कोणी बरळला तर उत्तर न देतां त्याचा आवाज बंद करावा आणि सामना संपतांच त्याची तक्रार नोंदवावी. हें शेवटचें कलम आमच्या आग्रहावरून आलें. मुलें म्हणत होतीं, तक्रारीनें काय होतें? शाळेंत तक्रार वहींत लिहिली गेली नाहीं कीं ती घडलीच नाहीं असें मानणारे वरिष्ठ आम्हीं पाहिले आहेत. तेव्हां लिहावें, दर वेळीं लिहावें. बाकी मसुद्यांत आम्हीं शुद्धलेखनापलीकडे हात घातला नाहीं. चिरंजीवांनीं रात्रीं साडेनवाची मर्यादा घातली, तीही मान्य झाली.

पडद्यापलीकडचीं माणसें खरीं मित्र होऊं शकतात काय, अशी शंका त्यांनीं त्या वेळीं काढली होती. त्यावर नातीनें आम्हां सर्वांस एक नॉर्वेजियन चित्रपट दाखविला. माट्स स्टीन नांवाचा तरुण, स्नायू झिजविणाऱ्या डुशेन रोगानें खुर्चीस खिळलेला, २०१४ सालीं पंचविसाव्या वर्षीं वारला. आपला मुलगा एकटा जगला व एकटा गेला, हें त्याच्या आईबापांचें दुःख होतें. वडिलांनीं त्याच्या लेखनाच्या पानावर निधनाची वार्ता घातली, तेव्हां देशोदेशींहून पत्रें येऊं लागलीं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळांत इबेलिन या नांवानें तो वर्षानुवर्षें एका मंडळींत वावरत होता. कोणाचें घरांतलें भांडण त्यानें मिटविलें होतें, कोणास धीर दिला होता. त्या मंडळींतले कांहीं जण परदेशांतून त्याच्या अंत्यविधीस आले. २०२४ सालच्या त्या चित्रपटांत हें सर्व आहे. तो संपल्यावर चिरंजीव बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग उठून केबल चपलांच्या मांडणीखालून काढून भिंतीच्या कडेनें खिळ्यांनीं नीट ठोकून बसवूं लागले.

मार्गशीर्षांतल्या एका शनिवारीं नाशिकचा मुलगा आला नव्हता, म्हणून पांचव्या जागेवर कोणी अनोळखी भरला गेला. आम्ही बाहेर वर्तमानपत्र वाचीत होतों. आंतून नातीचा आवाज स्पष्ट येत होता, माइक लावलेला: “दोघे पायऱ्यांशीं आहेत. थांब, मी येतें. आतां नको. आतां!” मध्येंच ती थांबली. मग त्याच आवाजांत, चढवून नव्हे कीं उतरवूनही नव्हे, म्हणाली, “पांचव्याला बंद केलाय मी. तुम्हीपण करा. चला, पुढची फेरी काटकसरीची.” चौघांनीं सामना पुढें चालविला व तो हरले.

साडेनवाला ती पानावर येऊन बसली. नवव्या फेरींत आपलें काय चुकलें तें तिनें आजीस वरणभाताबरोबर सविस्तर सांगितलें, व आजीनें तें समजल्यासारखें ऐकून घेतलें. ग्राफिक्स कार्डाविषयीं त्यांत चकार शब्द नव्हता. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरविषयीं मात्र होता.